गोठ्यातलं चक्र फिरवायचंय? आधी गळती शोधा, मशीन नंतर

सर्क्युलर बायोइकॉनॉमी (म्हणजे शेती-जनावरांतून निघालेलं काही वाया न घालवता परत वापरात फिरवणं) म्हटलं की सगळीकडे तेच एक गोल चित्र दिसतं. गायीकडून बाण शेणाकडे, शेणाकडून शेताकडे, शेताकडून परत गायीकडे, झालं चक्र पूर्ण. कागदावर भारी दिसतं. प्रत्यक्षात त्या दोन बाणांच्या मधल्या जागेतूनच अर्धा माल उडून जातो, वाहून जातो, नाहीतर उकिरड्यावर पडून वाया जातो, आणि आपण मात्र "आमच्याकडे सगळं शेणखतावर चालतं" म्हणत खुशीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काही नाही.

मी पण याच वाटेने गेलोय. आधी बायोगॅसची टाकी बांधली, मग गांडूळखताचे बेड केले, आणि मूत्र कुठे जातंय हे बघायचं सुचलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मी केला त्याच्या बरोबर उलटा आहे. तुमच्याकडे दोन जनावरं असोत नाहीतर दोनशे, क्रम हाच ठेवा, आकडे आपापले घाला.

जनावराचं या चक्रात नेमकं काम काय

दाणा आपण खातो, ताट उरतं. तेल काढलं की पेंड उरते, पीठ दळलं की कोंडा, साखर काढली की मळी. शिवाय उतारावरचं, खडकाळ माळावरचं गवत जिथे नांगर चालतच नाही. माणसाला यातलं काही पचत नाही, जनावराला पचतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे चालतीफिरती आंबवण्याची टाकीच, तिथले सूक्ष्मजीव सेल्युलोज (चाऱ्यातले चिवट धागे) फोडतात आणि पुढे तेच सूक्ष्मजीव पचून जनावराला प्रोटीन मिळतं. म्हणजे गाय गवत खाते हे अर्धं खरं, ती गवतावर सूक्ष्मजीव पोसते आणि मग ते खाते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये हिशोब मांडला होता की जगभरची जनावरं जे खातात त्यातलं कोरड्या वजनात ८६ टक्के माणसाच्या खाण्यासारखं नसतंच. हा आकडा पशुपालनाची बाजू घेणारे लोक अगदी झेंड्यासारखा फडकवतात. पण उरलेले १४ टक्के छोटे नाहीत हो, जगातल्या धान्यापैकी साधारण एक तृतीयांश जनावरांच्या खाद्यात जातं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यामुळे "पशुपालन चक्रात बसतं का" असा सरसकट प्रश्नच चुकीचा, तुमच्या गव्हाणीत आज सकाळी काय पडलंय यावर उत्तर ठरतं.

आणि याला मर्यादाही आहे. २०१८ मध्ये आलेल्या एका शास्त्रीय आढाव्यात असं दिसलं की जगातली जनावरं फक्त गवत आणि उरल्यासुरल्यावर पोसली तर माणशी दिवसाला ९ ते २३ ग्रॅम प्रोटीन त्यांच्याकडून मिळेल. माणसाला लागतं साधारण ५० ते ६० ग्रॅम. म्हणजे चक्रातलं पशुपालन खूप काही देतं, पण अमर्याद देत नाही. हे मनात ठेवून पुढे चला.

पायरी पहिली: सात दिवस नुसतं मोजा

एक वही, एक वजनकाटा, एक बादली. बास. आत येणारं सगळं लिहा (वैरण, पेंड, पाणी, अंथरूण) आणि बाहेर जाणारं सगळं लिहा (दूध, शेण, मूत्र, गव्हाणीत उरलेली वैरण). कंटाळा येतो, मान्य आहे, पण या सात दिवसांशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

उदाहरणासाठी ४०० किलो वजनाच्या पाच गायी धरू. अशी एक गाय दिवसाला साधारण २० किलो ओलं शेण टाकते आणि १० लिटरच्या आसपास मूत्र. पाच गायींचं झालं १०० किलो शेण, ५० लिटर मूत्र. ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे दिवसाला धरा ३५० ग्रॅम. मूत्रात ०.८ टक्के धरलं तरी ४०० ग्रॅम. परत एकदा वाचा. वजनाने निम्मं असलेल्या मूत्रात शेणापेक्षा जास्त नत्र आहे, आणि पालाशही (पोटॅशियम) बराचसा मूत्रातूनच जातो. स्फुरद (फॉस्फरस) मात्र जवळपास सगळा शेणात असतो.

दोन्ही मिळून दिवसाला ७५० ग्रॅम, वर्षाला २७० किलोच्या वर नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्या हिशोबाने हे जवळपास ६०० किलो युरियाइतकं झालं, फक्त पाच गायींचं. आता स्वतःला विचारा यातलं शेतापर्यंत किती पोचतं. गोठ्याची जमीन मातीची असेल, मूत्र तिथेच मुरत असेल आणि शेण उघड्यावर पडत असेल, तर निम्मं पोचलं तरी नशीब.

पायरी दुसरी: गव्हाण

इथे नियम एकच. जे माणूस खाऊ शकतो ते शेवटी, जे माणूस खाऊ शकत नाही ते आधी. धान्याचा भरडा पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, जास्त दुधाच्या जनावराला ऊर्जा लागतेच, पण बऱ्याच गोठ्यांत भरडा सवयीने जातो, गरजेने नाही.

सगळ्यात मोठा फायदा निकृष्ट चाऱ्यात आहे. पेंढा, भुसा हे जनावर खातं पण त्यातून मिळतं फार कमी, कारण लिग्निनने (न पचणारा लाकडासारखा भाग) सेल्युलोज घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि प्रोटीन तर नावालाच. यावर जुना, भरवशाचा उपाय म्हणजे युरिया प्रक्रिया. १०० किलो कोरडा पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, खडा राहता कामा नये. पेंढ्याचा थर पसरायचा, झारीने पाणी सगळीकडे सारखं शिंपायचं, पायाने तुडवून हवा काढायची, वर दुसरा थर. असं करत ढीग झाला की प्लास्टिकने घट्ट झाकून कडेने माती नाहीतर वजन ठेवायचं आणि २१ दिवस हातही लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो आणि तो पेंढा मऊ करतो. उघडलं की डोळ्यात पाणी आणणारा वास आला आणि पेंढा पिवळट तपकिरी, हाताला मऊ लागला तर जमलं. वास नाही आला तर कुठूनतरी हवा शिरलीय. काळी बुरशी लागली असेल तो भाग फेकून द्या. खाऊ घालायच्या आधी रोजचा पेंढा थोडा वेळ पसरून ठेवा, वास उडू द्या, आणि पहिला आठवडा थोडा थोडा द्या.

सावध राहा: सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे चालत नाही, घोड्याला तर अजिबात नाही. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावराने तोंड लावलं तर काही तासांत जाऊ शकतं. "थोडा जास्त युरिया घातला तर जास्त फायदा" हे डोक्यातून काढून टाका.

हिरवा चारा एकदम येतो तेव्हा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला चारा. २-३ सेंटिमीटरची कुट्टी करायची. ओलावा ६५ ते ७० टक्के हवा, ते बघायला मूठभर कुट्टी जोरात दाबून सोडायची, गोळा हळूहळू उलगडला आणि तळवा नुसता दमट झाला तर बरोबर, पाणी गळलं तर चारा अजून सुकू द्या, लगेच विस्कटला तर उशीर झालाय. मग दाबायचं, दाबायचं आणि अजून दाबायचं, कारण मुरघास बिघडतो तो बहुतेक वेळा राहिलेल्या हवेमुळे. साधारण दीड महिन्यात तयार, सामू (पीएच) ४ च्या आसपास येतो आणि वास आंबटगोड.

कारखान्यातून उरणाऱ्या मालाबद्दल थोडक्यात. बिअर बनवल्यावर उरणारा धान्याचा चोथा प्रोटीनने चांगला असतो पण त्यात ७५ ते ८० टक्के पाणी, गरम हवेत दोन-तीन दिवसांत बिघडतो, म्हणून लांबून आणणं म्हणजे पाण्याची वाहतूक. फळांच्या रसाचा चोथा, चीज करताना निघणारी निवळी (एक किलो चीजमागे साधारण ९ लिटर) हे सगळं चालतं, ताजं असेल तर. आणि बुरशी लागलेली पेंड "फेकायची कशाला" म्हणून गायीला घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) गायीच्या यकृतात बदलून दुधात उतरतं आणि ते उकळूनही जात नाही. चक्र फिरतंय खरं, पण विष घेऊन.

पायरी तिसरी: गोठ्याची जमीन, म्हणजे खरी गळती

सकाळी गोठ्यात पाऊल टाकल्या टाकल्या नाकात झणझणलं तर तो वास म्हणजे तुमचं खत आहे जे हवेत चाललंय. मूत्रातला युरिया शेणातल्या एन्झाइमला भेटला की अमोनिया सुटायला लागतो, आणि हे काही तासांत होतं, आठवड्याने नाही. शेण आणि मूत्र जेवढं एकत्र लडबडेल, जेवढं पसरेल, जेवढं तापेल, तेवढा वास आणि तेवढं नुकसान.

काय करायचं: जमीन पक्की आणि नालीकडे थोडी उतरती. नाली सावलीत, झाकलेली, पुढे झाकणाच्या टाकीत. मूत्र लवकरात लवकर शेणापासून वेगळं व्हायला हवं, एवढाच सगळा खेळ. पक्की जमीन परवडत नसेल तर अंथरूण घाला: पेंढा, पाचट, गव्हाणीतली उरलेली वैरण, वाळलेली पानं. कोरडा पेंढा आपल्या वजनाच्या दोन-अडीचपट पाणी सहज धरतो, म्हणजे वरच्या ५० लिटर मूत्राला रोज २० किलोच्या आसपास काडीकचरा हवा. लाकडाचा भुसा पण चालतो, फक्त त्यात कार्बन इतका जास्त की नीट न कुजवता शेतात टाकला तर तोच मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं.

धुवायला पाणी कमी वापरा. आधी खरवडा, मग धुवा. मला आधी वाटायचं चकाचक धुतलेला गोठा म्हणजे चांगला गोठा, पण भरपूर पाणी मारलं की स्लरीची (शेण-मूत्र-पाण्याचा पातळ काला) टाकी दुप्पट वेगाने भरते आणि शेतात जे नेतो ते बहुतेक नुसतं पाणीच.

टाकीतलं मूत्र तसंच पिकाच्या अंगावर ओतलं तर करपतं. किमान पाच-सहापट पाणी घालून, संध्याकाळी, जमिनीलगत द्या.

पायरी चौथी: शेणाचं काय करायचं, कंपोस्ट की गॅस की गांडूळ

यावर लोक भांडतात, उगाच भांडतात. तुमच्याकडे काडीकचरा भरपूर आणि पाणी कमी असेल तर कंपोस्ट. शेण रोज मिळतंय, पाणी आहे आणि सरपण नाहीतर सिलेंडर वाचवायचाय तर बायोगॅस. थोडं पण बारीक, दर्जेदार खत हवंय, रोपवाटिका आहे, तर गांडूळ.

कंपोस्ट आधी. कार्बन आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ हवं. ताज्या शेणात ते साधारण २० च्या आसपास, पेंढ्यात ८० च्या आसपास, कोंबडीच्या विष्ठेत १० च्या जवळ. म्हणून नुसत्या शेणाचा ढीग थंड, चिकट राहतो आणि नुसत्या कोंबडीखताच्या ढिगातून अमोनिया उडतो, दोघांनाही काडी हवी. ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान एकेक मीटर, नाहीतर उष्णता टिकत नाही. ओलावा पिळलेल्या स्पंजसारखा.

थर्मामीटर नसेल तर एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी काढा आणि लगेच मधला भाग मुठीत धरा. धरवत नसेल, हात झटकन मागे येत असेल तर आत ५५-६० अंश आहे, काम चालू आहे. कोमट लागली तर एकतर ढीग कोरडा पडलाय नाहीतर गिच्च ओला होऊन हवा संपलीय, सळईला काय चिकटलंय त्यावरून कळतं. ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस राहिलं तर बरेचसे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, पण फक्त मधल्या भागातलं. बाहेरची साल थंडच असते, म्हणून उलथापालथ करताना बाहेरचं आत जायला पाहिजे. माझा पहिला ढीग मी नुसता एकदा वरवर हलवला होता, शेतात गेल्यावर त्यातून असं तण उगवलं की बघायला नको.

पहिल्या तापाची उलथापालथ झाली की ढीग झाका. पाऊस पोषण धुऊन नेतो आणि ऊन उडवून नेतं.

आता बायोगॅस. ताज्या शेणातून किलोमागे साधारण ३५ ते ४० लिटर गॅस निघतो. म्हणजे आपल्या १०० किलोतून दिवसाला साडेतीन ते चार घनमीटर, आणि एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. शेण आणि पाणी सारखं घातलं तर रोज २०० लिटर आत, ४० दिवस मुक्काम धरला तर पचनाची जागा ८ घनमीटर, गॅस साठवायची जागा वेगळी. विक्रेत्याने याच्यापेक्षा फार छोटी टाकी आणि फार जास्त गॅस सांगितला तर परत विचारा कसं काय.

सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपास आवडतं, १५ च्या खाली ते जवळपास झोपतात, त्यामुळे थंडीत गॅस कमी होणं ही बिघाडाची खूण नाही. सुरुवात करताना चालू टाकीतली थोडी स्लरी विरजणासारखी घाला. सुरुवातीचा गॅस पेटत नाही कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो मोकळ्या हवेत सोडून द्या, आणि पाइपच्या तोंडाला काडी लावून "बघू पेटतंय का" हे चुकूनही करू नका, आत हवा असेल तर मिथेन ५ ते १५ टक्के असतानाच स्फोट होतो. तपासायचं ते शेगडीवर. जोडांची गळती साबणाच्या पाण्याने बघा. गॅसच्या वाटेत लोखंडाचा कीस ठेवा, तो हायड्रोजन सल्फाइड धरतो, नाहीतर शेगडी आणि इंजिन गंजतं. आणि रिकाम्या टाकीत, स्लरीच्या खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. आधी वास येतो आणि मग येईनासा होतो, कारण हा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर करतो. अशा खड्ड्यात एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

माझी एक चूक सांगतो. एकदा जनावरांच्या पायाला जखमा झाल्या म्हणून गोठा आठवडाभर फिनाइलने धुतला आणि ते सगळं पाणी नेहमीच्या नालीने टाकीत गेलं. गॅस हळूहळू कमी होत शेवटी शेगडीवर नुसती निळी टिकली उरली. आधी गळती शोधली, मग घुमट तपासला, मग डोकं आपटलं, आणि शेवटी लक्षात आलं की जंतू मारायचं औषध जंतूंवर चालणाऱ्या टाकीत आपणच ओततोय. गाडी रुळावर यायला दीड महिना गेला. तेव्हापासून नालीला दोन तोंडं आहेत, औषधाचं पाणी वेगळीकडे. अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं शेणही मी टाकीत टाकत नाही.

एक गोष्ट बायोगॅसवाले सांगत नाहीत: टाकीतून नत्र कमी होत नाही, हे खरं, पण त्यातला जास्त भाग अमोनियम होऊन बाहेर येतो आणि स्लरीचा सामूही वाढलेला असतो. म्हणजे उघड्या खड्ड्यात ती स्लरी कच्च्या शेणापेक्षा जास्त वेगाने नत्र सोडते. झाका, नाहीतर सुक्या काडीकचऱ्यात मुरवा. गॅस मिळाला म्हणून खत गमावायचं का?

गांडुळांचं दोन ओळीत: ताजं शेण तापतं आणि त्यात ती मरतात, आधी दोन-तीन आठवडे अर्धवट कुजू द्या. सावली, ओलावा, १५ ते ३० अंश. मुंग्या आणि कोंबड्या यांच्यापासून वाचवा.

पायरी पाचवी: शेतात परत

किती टाकायचं याला पण मर्यादा आहे. युरोपियन युनियनच्या १९९१ च्या नायट्रेट नियमात, जिथे भूजल धोक्यात आहे अशा भागात वर्षाला हेक्टरी १७० किलो नत्र एवढीच जनावरांच्या खताची परवानगी आहे. हा आकडा पट्टी म्हणून धरला तर आपल्या पाच गायींच्या २७० किलोला साधारण १.६ हेक्टर जमीन लागते. जमीन याच्यापेक्षा कमी असेल तर खत बाहेर द्यायला हवं, नाहीतर ते विहिरीत उतरणार.

पसरलं की लगेच मातीत मिसळा, त्याच दिवशी. ढीग शेतात आठ दिवस छोट्या छोट्या ढिगाऱ्यांत पडून असतात ते बघवत नाही, जे उडायचं ते बहुतेक पहिल्या दिवसातच उडून गेलेलं असतं. पिकाला गरज आहे त्याच्या तोंडावर टाका, गोठा रिकामा करायची गरज आहे म्हणून नको.

जिथे चक्र बंद करायचं नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सर्क्युलरच्या उत्साहात लोक इथेच घसरतात. सगळंच परत फिरवायचं नसतं.

मेलेल्या जनावरांचं मांस-हाडं दळून परत गायीलाच खाऊ घालणं हे कागदावर परफेक्ट चक्र होतं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा मेंदू सडवणारा बीएसई रोग ओळखला गेला आणि तो याच खाद्यातून पसरला होता, १९८८ मध्ये तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना असं खाद्य द्यायला बंदी आली. पुढे २००१ मध्ये त्याच देशात लाळ-खुरकुताची जी साथ आली तिचं मूळ न उकळलेलं खरकटं खाणाऱ्या डुकरांपर्यंत पोचलं, आणि ६० लाखांच्या वर जनावरं मारावी लागली. म्हणजे हॉटेलचं खरकटं डुकरांना देणं वाईट असं नाही, जपानमध्ये ते नीट तापवून, नियमात बसवून देतात, पण न तापवता देणं म्हणजे आगीशी खेळ. आधी स्थानिक कायदा बघा, बऱ्याच ठिकाणी सरळ बंदी आहे. तिथे खरकटं बायोगॅसला द्या, नाहीतर काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांवर सोडा, तेही नियम विचारूनच. त्या अळ्यांमध्ये कोरड्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, कोंबड्या आणि मासे आवडीने खातात.

पिसं, लोकर, रक्त, हाडं यातही भरपूर नत्र आणि स्फुरद आहे, फक्त ते घरगुती पातळीवर नाही, नीट तापवणाऱ्या युनिटमधूनच फिरवा.

दुसरा धोका दिसत नाही. अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक गवतावर मारतात, गाय ते गवत खाते, तिला काही होत नाही, पण ते शेणातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि कंपोस्टमध्येही लवकर मोडत नाही. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये कित्येकांची टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकं अशा शेणखताने वाकडीतिकडी झाली. बाहेरून चारा किंवा खत आणत असाल तर सोपी टेस्ट: दोन कुंड्या, एकीत नुसती स्वच्छ माती, दुसरीत अर्धं ते खत, दोन्हीत घेवडा नाहीतर वाटाणा लावा. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं कपासारखी वळली, शेंडा मुरडला, तर ती गाडी शेतात नेऊ नका.

आणि जंताचं औषध. आयव्हरमेक्टिनसारखी औषधं शेणातून बाहेर येतात आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. शेणकिडे म्हणजे फुकटचे मजूर. ऑस्ट्रेलियात गायी नेल्या पण त्यांचं शेण गाडणारे किडे तिथे नव्हते, त्या शेणाने कुरणं झाकली गेली आणि माश्यांचा उच्छाद झाला, शेवटी १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला बाहेरून किडे आणून सोडावे लागले. सरसकट सगळ्यांना ठराविक महिन्याला औषध पाजण्यापेक्षा शेण तपासून ज्याला जंत आहेत त्यालाच द्या.

मिथेनचं काय

टाळता येत नाही हा विषय. जनावर जी ऊर्जा खातं त्यातली २ ते १२ टक्के ढेकरेतून मिथेन होऊन जाते, म्हणजे हा तुमच्या वैरणीचाच तोटा आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-३० पट तापवतो. अन्न आणि कृषी संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार माणसाने केलेल्या हरितगृह वायूंपैकी १२ टक्के पशुपालनातून येतात. शेणखत टाकलं म्हणून हे शून्य होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

करण्यासारखं बरंच आहे मात्र. चारा पचायला सोपा झाला की लिटरमागे मिथेन कमी. भाकड काळ लांबलेली, आजारी, वासरं दगावणारी जनावरं म्हणजे दूध शून्य आणि ढेकर चालू, त्यामुळे आरोग्य आणि वेळेवर गाभण राहणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. ३-एनओपी नावाचं मिथेन कमी करणारं खाद्यपूरक युरोपियन युनियनने २०२२ मध्ये दुधाच्या गायींसाठी मंजूर केलं, त्याने ३० टक्क्यांच्या आसपास घट दिसते, पण ते रोज खाद्यात मिसळावं लागतं, चरायला सोडलेल्या जनावराला कसं देणार हा प्रश्न आहेच.

पायरी शेवटची: गेटवरचा हिशोब

वर्षातून एकदा हे करा. फाटकातून आत किती नत्र आलं आणि बाहेर किती गेलं. एक लिटर दुधात साधारण ५ ग्रॅम नत्र असतं. ४० टक्के प्रोटीनच्या पेंडेत ६.४ टक्के नत्र. म्हणजे १०० किलो पेंड आत आली की ६.४ किलो नत्र आलं आणि ते दुधातून बाहेर घालवायला बाराशे लिटरच्या वर दूध विकावं लागतं. बाकीचं सगळं तुमच्या जमिनीत, पाण्यात नाहीतर हवेत. बाहेरची पेंड भरपूर आणि वर युरियाच्या गोणीही तेवढ्याच येत असतील तर चक्र फिरत नाहीये, नुसतं एका बाजूने भरतंय, आणि पहिली कात्री गोणींना लावायची.

स्फुरदासाठी एवढं करा: गोठ्याला लागून असलेल्या तुकड्यातली माती आणि सगळ्यात लांबच्या तुकड्यातली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासायला द्या. बहुतेक वेळा जवळच्या तुकड्यात स्फुरद भरमसाट निघतो आणि लांबचा उपाशी, कारण दिवस मावळायला आला की ट्रॉली जवळच रिकामी होते. रिपोर्टमध्ये तसं दिसलं तर पुढची दोन-तीन वर्षं सगळ्या खेपा लांबच्या तुकड्यात, ट्रॅक्टरवाला कितीही कुरकुरला तरी.